लाल चिंधीची कात्री

माझ्या कात्रीच्या मुठीला मी लाल चिंधी बांधली आहे. तिचा अर्थ घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: ही कापडाची कात्री, हिला कागद लावायचा नाही. कागद कापला की धार जाते, आणि मग ती कापड कापत नाही, चावते. मोठ्या जावेला मात्र अकरा वर्षांत ते कळलं नाही. कळलं असेल तर तिनं मनावर घेतलं नाही.

ती वरच्या मजल्यावर राहते. माझ्या शिवणाच्या खोलीत न विचारता शिरते, टेप नेते, खडू नेते, कात्री नेते. मी मूग गिळून बसते. म्हणूनच सासरी मला गरीब गाय म्हणतात, आणि मी मूर्खासारखी त्यात कौतुक मानत आले.

त्या दिवशी टेबलावर डॉक्टरीणबाईंचं रेशीम होतं. त्यांची आई गेली, तिच्या पेटीतलं शेवटचं कापड. त्याचा झगा शिवायचा होता. दोनदा मोजलं, खडूनं बेतलं, कात्री चालवली, आणि पहिल्याच घासात कापड चुरगळून पात्यांमध्ये अडकलं. सोडवायला गेले तर चार बोटं धागे ओढले गेले. पात्यांवर बोट फिरवलं, तर चिकटपट्टीचा डिंक.

तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात जाऊबाई आल्याच, दार ढकलून.

"माझा कोट झाला का गं? दुपारी मीटिंग आहे."

कोटाच्या बाह्या आखूड करायला मी सकाळीच उसवून ठेवल्या होत्या.

"ताई, कात्रीनं काय कापलंत?"

"खोकी. वरची माळ्यावरची. एवढं काय त्यात?"

मी रेशीम तिच्यासमोर धरलं. तिनं नाक मुरडलं. "जुनंच होतं ते. सांग बाईंना, कापडच कुजलेलं होतं."

नवरा दारात येऊन उभा राहिला. "जाऊ दे ना, मोठ्या आहेत त्या. आधी वहिनींचा कोट दे."

जाऊ दे! या दोन शब्दांवर माझी अकरा वर्षं गेली. मी कोट उचलला, सुट्या बाह्या त्यावर ठेवल्या आणि तिच्या हातात कोंबला.

"आज तुमचं काम होणार नाही. आणि यापुढे माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही."

"तोंड वर करून बोलतेस?"

"हो."

मी खाली बघितलं नाही. ती बडबडत वर गेली. नवरा म्हणाला, "घर फोडशील अशानं." मी त्यालाही बाहेर काढलं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मी सगळं खरं सांगितलं.

"कात्री तुमचीच ना?" त्यांनी विचारलं.

"माझीच. मी ती कुणालाही नेऊ दिली."

त्या बराच वेळ ओढलेल्या धाग्यांवरून हात फिरवत राहिल्या. "आता काय निघेल यातून?"

"झगा निघेल. बाह्या निघणार नाहीत."

"बिनबाह्यांचा शिवा. पुढचं काम मी दुसरीकडे देईन," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता गेल्या. मला रडू आलं. अकरा वर्षांच्या ‘असू दे’, ‘जाऊ दे’ची भरपाई त्यांच्या आईच्या कापडानं केली होती.

सकाळी कात्रीला धार लावून आणली, दाराला आतून कडी घातली आणि रेशीम शिवायला बसले. दार धाडकन ढकललं गेलं. उघडलं नाही. पुन्हा ढकललं गेलं. बाहेर जाऊबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला: माज चढलाय, कुणाच्या जिवावर राहतेस, येऊ देत सासूबाईंना. मी मशीन थांबवली नाही. हळूहळू तिचे शब्द संपले.

मग दारावर टकटक झाली. दोनदा, बेतानं.

"येऊ का आत?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुढची शिलाई घातली.