दोन झेल

“मुंडकं घट्ट धरा, पाव्हणं. कान हलला तर बिल्ला वाकडा बसंल.”

संगमेश्वरनं असं म्हणताच म्हाताऱ्यानं कालवडीची मान बगलेत घेतली आणि डाव्या हातानं म्होरकी आवळली. त्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट, दोन्ही मधल्या पेरातून भलतीकडंच वळलेली होती. संगमेश्वर देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं ड्रेसर होता. दाव्यात, चाकात, शिंगाखाली सापडलेली बोटं त्यानं ढीग पाहिली होती. ही तसली नव्हती.

कालवडीच्या कानात नंबरचा बिल्ला बसला. संगमेश्वर रजिस्टर घेऊन बाकावर टेकला.

“नाव सांगा.”

“किशनराव सटवाजी बिरादार. बाऱ्हाळी, तालुका मुखेड. काल इथल्या बाजारात घेतली हिला.”

पेन थांबलं. के. एस. बिरादार. यष्टिरक्षक. कार्ड नंबर एक्क्याऐंशी.

संगमेश्वर अकरा वर्षांचा असताना टिंकू गमच्या पाकिटात क्रिकेटवाल्यांची कार्डं निघायची. शाळेतली पोरं मोठ्या नावांसाठी एकमेकांच्या उरावर बसत आणि कुणी न ऐकलेली नावं संगमेश्वरच्या दप्तरात कोंबत. एकदा त्यातलंच एक कार्ड उलटून त्यानं मागचा मजकूर वाचला. सामने एक, धावा शून्य, नाबाद. तो बराच वेळ त्या ओळीकडं बघत बसला. एकच सामना मिळाला, धाव एकही निघाली नाही. पण त्याला बाद तर कुणी केलं नव्हतं! त्या दिवसापासून त्यानं नावाजलेल्यांचा नाद सोडला आणि ह्यांचा धरला. एका सामन्यातले, दोन सामन्यांतले, बारावे गडी. उदगीरच्या रद्दीवाल्यांपासून नागपूरच्या अनोळखी माणसांपर्यंत त्यानं सगळ्यांना पिडलं. आता तीन अल्बम भरले होते. घरात ओल येते म्हणून ते दवाखान्याच्या लोखंडी कपाटात असत. त्याची बायको गौरम्मा म्हणायची, “ह्यांच्या टीममधे कुणी जिंकलेलाच न्हाई.” तो हसायचा. त्याचं त्यात काही अडत नव्हतं.

एक्क्याऐंशी नंबर मात्र त्याला तीस वर्षं हुलकावणी देत होता. दोन वर्षांपूर्वी कुठं हाती लागला.

“तुम्ही रणजी खेळलाव का हो?” त्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. “न्हाई. दुसरा कुणी असंल. बिरादार काय कमी हाईत का आपल्याकडं?”

संगमेश्वर आत गेला आणि अल्बम घेऊन आला. प्लास्टिकच्या कप्प्यातून चिमट्यानं कार्ड काढलं. रंग उडालेला, रुंद कॉलरचा शर्ट, हातात ग्लोव्हज, दाट केस. फोटोवाल्यानं अचानक हाक मारल्यासारखं तोंड अर्धवट उघडं. म्हाताऱ्यानं एकदा पाहिलं आणि मान वळवली.

“मागं काय लिवलंय ते वाचतो,” संगमेश्वर म्हणाला. “सामने दोन. धावा सतरा. झेल एक.”

“दोन.”

“काय?”

“झेल दोन हाईत.” म्हातारा एकदम ताठ झाला. “एक कसा? दुसऱ्या सामन्यात तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या आधी. चेंडू कड घिऊन लेगला चालला होता, मी झेप घेतली. ही बोटं तवाच गेली. सोडला न्हाई पण! स्कोअररनं माझ्या जागी लेगस्लिपवाल्याचं नाव घातलं.”

“मग सांगितलं न्हाई कुणाला?”

“नवा होतो. म्हटलं, जाऊ द्या, फुडच्या सामन्यात आणखी घिऊ.” तो खाली बसला. “फुडचा सामना काही आलाच न्हाई. गावात आलो तर जो तो इचारायचा, दोनच सामने का? मग म्या बोलायचंच सोडलं. कोण इचारलं की न्हाई म्हणतो. सवय पडली.”

कालवड गवत ओढत होती. संगमेश्वरनं खिशातलं पेन काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

“दुरुस्त करा.”

“अहो, खराब व्हईल की! इतकं जपलाव.”

“चुकीचं हाय, तेच खराब हाय.”

ज्या कार्डाला त्यानं कधी उघडं बोट लावलं नव्हतं, ते त्यानं रजिस्टरवर ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून धरलं. किशनरावांनी ‘एक’वर काट मारली. शेजारी ‘दोन’ अगदी वळणदार उमटलं.

“सही पण करा. सरकारी दवाखाना हाय, बिनसहीची दुरुस्ती चालत न्हाई.”

किशनराव पहिल्यांदा हसले आणि त्यांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. कालवड नव्हती. सोबत हिरव्या इरकली लुगड्यातल्या, ठेंगण्या बाई होत्या.

“ही सिंधु, आमची मंडळी,” किशनराव म्हणाले. “हिनं मला कधी खेळताना बघितलं न्हाई. लग्नाआधीच संपलं होतं सगळं. एस्टीत बसल्यापासनं एकच लावलंय, फोटो दावा.”

संगमेश्वरनं अल्बम आणून काढून दिलेलं कार्ड सिंधुबाईंनी तळहातावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

“अगं बाई, केस किती होते हो तुम्हाला!”

मग कार्ड उलटून त्यांनी मागची खाडाखोड आणि सही बघितली. नवऱ्याचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून त्या त्याच्या वाकड्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिल्या. “मला म्हणाले, बैलगाडीत सापडली,” त्या हळूच म्हणाल्या. किशनराव समोरच्या लिंबाकडं बघत होते.

संगमेश्वरनं गेल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं. “घिऊन जा काकू. तुमच्याच घरचं हाय.”

सिंधुबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. किशनरावांनी कार्ड घेतलं, क्षणभर धरलं आणि अल्बमच्या रिकाम्या कप्प्यात जपून सरकवलं.

“ऱ्हाऊ द्या इथंच. घरी भिंतीवर एकटाच लटकून पडंल. इथं बाकीचे हाईत.” त्यांनी शेजारच्या कार्डावर बोट ठेवलं. “हा कोण?”

“ऑफस्पिनर. एकच सामना. पाऊस आला, बॉलिंगच मिळाली न्हाई.”

“अरारा,” सिंधुबाई म्हणाल्या. “आन ह्यो, मिशावाला?”

संगमेश्वर दोघांच्या मधे बसला आणि सांगू लागला. फाटकाबाहेर मुखेडची गाडी येऊन थांबली, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. किशनरावांनी मान वर करून पाहिलं आणि पान उलटलं. पुढची गाडी अडीचला होती.