गोपनीय शिक्क्याची फाईल

मी चाकणजवळच्या एका सरकारी कार्यालयातल्या लोखंडी कपाटातली फाईल बोलतेय. माझ्या कपाळावर लाल शाईचा 'गोपनीय' असा शिक्का आहे. एके काळी मला त्याचा फार तोरा होता. शेजारच्या रजेच्या फायलींशी मी धड बोलतही नसे.

जयमालाबाईंच्या तक्रारीतून माझा जन्म झाला. त्या इथे लिपिक. बीडकडून बदलून आलेल्या, मुलीला घेऊन पुनावळ्यात भाड्याने राहणाऱ्या. त्यांचे वरिष्ठ बबनराव काम समजावण्याच्या निमित्ताने खुर्चीला खुर्ची भिडवत आणि नको तिथे हात लावत. बाईंनी ते सगळं अकरा पानांत लिहिलं, तारखांसकट. तक्रार समितीच्या स्वरूपाताईंनी मला कुलपात ठेवलं. "हे कपाटाबाहेर जायचं नाही," म्हणाल्या. बाईंचा चेहरा तेव्हा किती सैल झाला होता!

मग बबनरावांच्या भाच्याने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. त्याला माझ्या प्रती हव्या होत्या. त्या कायद्याशी माझं वाकडं नाही, त्याने कितीतरी दडवलेले कागद उजेडात आणलेत.

माहिती अधिकारी निरंजन साहेब नियमाला पक्के. तक्रारदाराला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही म्हणून त्यांनी बाईंना पत्र काढलं. पाकीट डिंकाने चिकटवलं, वर सेलोटेप लावली. टपालवहीत मात्र हाताच्या सवयीने पूर्ण विषय लिहिला गेला: 'श्रीमती जयमाला यांची श्री. बबनराव यांच्याविरुद्धची तक्रार उघड करण्यास हरकत आहे काय?' ती वही घेऊन शिपाई दत्तोबा ज्याचं त्याचं टपाल देऊन टेबलाटेबलावर सह्या घेत फिरला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं कार्यालय वाचून मोकळं झालं.

बाईंनी 'हरकत आहे' असं लिहून दिलं. अर्ज फेटाळला गेला. म्हणजे कायद्याने मी आजही गोपनीय आहे. हसू नका.

"ताई, मी न्हाई वो वाचलं. निस्त्या सह्या घेतल्या," दत्तोबा रडवेला होऊन जयमालाबाईंना म्हणाला.

"तुमचं काय चुकलं मामा? पण आता डबा खायला कुणी जवळ बसंना झालंय."

साक्ष द्यायला तयार झालेल्या दोघी जणी समितीपुढे आल्या आणि 'आम्ही काही पाहिलं नाही' म्हणाल्या. चारच दिवसांनी बाईंनी बारावं पान आणून दिलं: तक्रार मागे घेत आहे.

"कुणी दबाव आणला का?" स्वरूपाताईंनी विचारलं.

"नाही मॅडम. दमले मी."

माझ्यावर 'निकाली' असा दुसरा शिक्का बसला. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. मला कुलपात ठेवलं म्हणजे बाई सुरक्षित झाल्या, असं मीसुद्धा समजून बसले होते.

गेल्या महिन्यात कुणीतरी नव्याने माहिती मागवली: या कार्यालयात महिलांच्या किती तक्रारी प्रलंबित आहेत? निरंजन साहेबांनी नियमाप्रमाणे, अगदी खरं उत्तर पाठवलं: निरंक. म्हणजे एकही नाही.

वाचकहो, असा 'निरंक' कुठे वाचलात तर तिथेच थांबू नका. किती जणींनी तक्रार मागे घेतली, हेही एकदा विचारा. ते अजून मला कुणी विचारलेलं नाही.