लॉनी ब्रॅकेटची पट्टी

तिसऱ्या दिवशी सकाळी लॉनी ब्रॅकेट स्टुडिओत आला तेव्हा त्याच्या कागदांच्या स्टँडवर मासिकातलं एक जुनं कात्रण चिकटवलेलं होतं. तीस वर्षांपूर्वीची त्याचीच मुलाखत. केस खांद्यापर्यंत, शर्टाची बटणं पोटापर्यंत उघडी, आणि फोटोखाली ठळक अक्षरांत त्याचंच वाक्य: 'स्विंग? ती मेलेल्यांच्या लग्नात वाजवायची गाणी आहेत.' चौदा जणांचा ताफा आपापल्या खुर्च्यांवर बसला होता, आणि चौदाही जणांना त्याच क्षणी आपलं वाद्य पुसायची भारी निकड लागली होती.

"आलात का लग्नाला?" बासवाला हर्शेल म्हणाला. "या, या. प्रेतं कधीची खोळंबलीयत."

मागच्या रांगेत कुणीतरी ट्रम्पेटमध्येच हसलं. लॉनीनं कात्रण काढलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. बोलणार तरी काय? वाक्य त्याचंच होतं, आणि तेव्हा त्याला ते फार चुरचुरीत वाटलं होतं.

या मंडळींचा त्याच्यावर राग होता आणि तो काही खोटा नव्हता. लॉस एंजेलिसमध्ये प्रत्येक म्हाताऱ्या रॉक गायकाला एक ना एक दिवस काळा कोट आणि बो-टाय चढवून स्विंगची, म्हणजे जुन्या जॅझची, गाणी म्हणायची हुक्की येते. स्टेडियमं भरेनाशी झाली की यांना आमचा उंबरठा आठवतो, असं हे लोक म्हणत. लॉनीही त्यातलाच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

खरं कारण लॉनीला आणि बरबँकमधल्या एका घशाच्या डॉक्टरला, अशा दोघांनाच ठाऊक होतं. गेल्या दोन वर्षांत त्याच्या गळ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. दुसऱ्या खेपेला डॉक्टरनं समोर बसवून सांगितलं होतं, "खालच्या सुरात गा, हळू गा, तर हा गळा अजून थोडा पुरेल. पुन्हा किंचाळलास तर माझ्याकडे येऊ नकोस. माझ्या हातात काही उरलेलं नसेल." रेकॉर्ड कंपनीला यातलं काही माहीत नव्हतं. बायकोला अर्धं माहीत होतं. हा एक अल्बम नीट झाला तर आपण अजून गायक आहोत, नाही झाला तर नाही, इतका सरळ हिशेब लॉनीनं मनाशी मांडला होता.

आणि सगळा घोटाळा झाला होता तो पट्टीचा.

या धंद्यात एक जुनी रीत आहे. चौदा जणांनी काय वाजवायचं त्याचे कागद लिहायला घेण्याआधी गाण्याची बांधणी करणारा माणूस गायकाला अर्धा तास पियानोपाशी बसवतो, वर-खाली करून बघतो आणि त्याचा गळा कुठल्या पट्टीत सुखानं बसतो ते ठरवतो. त्या अर्ध्या तासात काही लपत नाही. लॉनीला नेमकी त्याचीच धास्ती होती. त्यानं निरोप धाडला की वेळ नाही, पट्ट्यांची यादी पाठवतो. यादी केली मिचनं. मिच त्याचा मॅनेजर. मिचनं लॉनीच्या ऐन उमेदीतल्या रेकॉर्ड ऐकल्या आणि त्यावरून पट्ट्या लिहून दिल्या. लॉनीनं ती यादी बघितली. सगळं दोन-अडीच सूर वर होतं. हे खाली आण म्हणावं तर का म्हणून विचारणार, म्हणून तो मूग गिळून बसला.

बांधणी करणारी होती अर्लीन पेटिफोर्ड, वय एकाहत्तर. तिला सगळं शहर मिस अर्लीन म्हणतं. पियानोवर तीच. तिनं चौदाही जणांचे कागद त्या यादीबरहुकूम स्वतःच्या हातानं लिहिले होते, आणि ज्याला आपल्यासाठी अर्धा तास नव्हता त्या माणसाला ती पहिल्या दिवसापासून 'मिस्टर ब्रॅकेट' म्हणत होती. बाकी सगळ्यांना ती नावानं हाक मारायची.

दोन दिवसांत एकही गाणं धड झालं नव्हतं. काचेच्या खोलीत एकट्यानं उभं राहायचं, एकेक ओळ चाळीस वेळा म्हणायची आणि चांगले तुकडे जोडायचे, ही लॉनीची जन्मभराची सवय. मिस अर्लीननं ती खोली आल्या आल्या बंद करायला लावली होती. सगळे एका दालनात, सगळे एकदम. चुकलं तर सगळ्यांचं चुकलं. त्यात वरचा सूर आला की लॉनी तो चाटून खाली घसरायचा नाहीतर शब्द पुटपुटून सोडून द्यायचा. दर वेळी चौदा माणसं वाजवत त्या सुरापर्यंत यायची आणि गायक तिथं नसायचा.

तिसऱ्या दिवशी साडेअकराला तिनं हात वर करून ताफा थांबवला.

"मिस्टर ब्रॅकेट, त्या सुराशी तुमचं काही भांडण आहे का? दर वेळी त्याला बघून रस्ता बदलता."

"ती माझी शैली आहे, मिस अर्लीन."

"शैली!" हर्शेल बासच्या मानेवर डोकं टेकून म्हणाला. "मी पण माझ्या सासूला बघून रस्ता बदलतो. त्याला शैली म्हणतात हे आजच कळलं."

दालन फिदीफिदी हसलं. लॉनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुम्ही वाजवा," तो म्हणाला. "गायचं कसं ते मला शिकवू नका. मी साठ हजार माणसांसमोर गायलोय."

"साठ हजार," मिस अर्लीन म्हणाली. "त्यातल्या एकाला तरी तुमचं गाणं ऐकू आलं होतं का?"

काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगच्या खोलीतून मिचनं घाईघाईनं माईकचं बटण दाबलं. "दहा मिनिटं सुट्टी घेऊ या का, मंडळी?"

"ताफ्याला सुट्टी," ती म्हणाली. "हर्शेल, तू थांब. ड्रम्सवर कॅल, तू पण. मिस्टर ब्रॅकेट आम्हा तिघांबरोबर एकदा म्हणतील. रेकॉर्डिंग चालू ठेवा."

शिंगवाले, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनची सगळी मंडळी, उठले, पण लांब कुणी गेलं नाही. कागदी पेल्यांतली कॉफी घेऊन सगळे दाराशी उभे राहिले. काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. आगाऊ पोराला जागेवर आणायची ही जुनी तऱ्हा, त्यांतल्या प्रत्येकानं कधी ना कधी सोसलेली. गाण्याचा एक फेरा संपला की न सांगता अर्धा सूर वर. पुढच्या फेऱ्याला आणखी अर्धा. पोरगा मान खाली घालून मंचावरून उतरेपर्यंत.

पहिला फेरा त्यानं तसाच काढला, सूर चाटत, घसरत. दुसऱ्या फेऱ्याला पियानो अर्धा सूर चढला तसा तो चमकला. त्यानं वळून पाहिलं. मिस अर्लीन त्याच्याकडे बघतच नव्हती. हर्शेल मात्र दात दाखवत होता.

तेव्हाच हात वर करायला हवा होता. 'माझा गळा फाटलाय, मला खाली घ्या,' इतकंच म्हणायचं होतं. पण ते कुणाला म्हणायचं? या दात काढणाऱ्या हर्शेलला? दाराशी तमाशा बघायला उभ्या असलेल्या अकरा जणांना? लॉनीला इतका संताप आला की त्याला डॉक्टर आठवला आणि तरीही थांबावंसं वाटलं नाही. दुसऱ्या फेऱ्यातला वरचा सूर त्यानं या वेळी चाटला नाही, सरळ धरला.

कॅलनं हळू वाजवायचे मऊ ब्रश टाकून ड्रम्सच्या काठ्या उचलल्या.

तिसरा फेरा, आणखी अर्धा सूर. आता ते प्रेमाचं गाणं राहिलंच नव्हतं. लॉनीनं माईक हातात ओढला, पाय फाकवले आणि पोटातून ती जुनी आरोळी काढली. तिच्यावर त्याचं घर झालं होतं, दोन घटस्फोट झाले होते. दालनाच्या काचा झणझणल्या.

आणि दारातून कुणीतरी ओरडलं, "असं! जियो!"

मग दुसरा. मग ट्रम्पेटवाल्यानं पेला खाली ठेवून टाळी वाजवली. हर्शेलचे दात आत गेले आणि तो मान डोलवत नीट वाजवायला लागला. तीन दिवसांत या माणसांनी लॉनीला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. आता ती त्याच्यासाठी ओरडत होती. किती गोड लागतं ते! लॉनीला घशात काहीतरी गरम झाल्यासारखं वाटलं. थांबायचं असेल तर आता, हे त्याला पक्कं कळलं. पण त्यानं मिस अर्लीनकडे बघितलं आणि बोटानं खूण केली: अजून वर.

तिनं एकदाच भुवई उंचावली. मग ती वर गेली.

चौथ्या फेऱ्याच्या मध्यावर आवाज फाटला. चिरकला नाही, घोगरा झाला नाही, कापड टरकन फाटावं तसा फाटला, आणि पुढच्या ओळीला लॉनीच्या तोंडातून नुसती हवा आली. त्यानं गळ्याला हात लावला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा.

तिघे थांबले. दाराशी कुणीतरी हसायला लागलं होतं, ते मध्येच थांबलं.

"पाणी द्या त्याला," मिस अर्लीन म्हणाली. लॉनीनं पाणी घेतलं नाही. तो वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. ती पियानोवरून उठली, त्याच्याजवळ आली आणि त्याची हनुवटी धरून तिनं तोंड वर केलं. गळ्याच्या खालच्या बाजूला बोटभर लांबीचा वण होता. तीन दिवस तो मफलरखाली होता; आता मफलर सरकला होता.

"हे कधीचं?"

त्यानं दोन बोटं दाखवली.

"दोन वर्षं? का दोन वेळा?"

त्यानं मान हलवली. दोन्ही.

"मूर्खा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "अरे मूर्खा, मला वाटलं माज आहे! मला वाटलं, म्हातारीसाठी तुझ्याकडे अर्धा तास नाही. तोंड शिवलं होतं का तुझं?" ती वळून हर्शेलवर खेकसली, "तू काय बघतोस? सूर चढला तेव्हा सगळ्यात आधी दात तूच काढलेस!"

"मला काय माहीत, मिस अर्लीन," हर्शेल पुटपुटला. "आणि पियानो तर तुम्ही चढवलात."

ती पियानोपाशी जाऊन बसली. काचेपलीकडे मिच उभा राहून कुणाला तरी फोन लावत होता.

"इकडे ये," ती म्हणाली.

लॉनी गेला. तिनं एक स्वर दाबला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली: खाली. दुसरा दाबला. अजून खाली. तिसरा. अजून. पाचव्या स्वराला त्यानं डोळे मिटले आणि मान होकारार्थी हलवली.

त्या पट्टीत तिनं गाणं सुरू केलं. हर्शेल आणि कॅल हलकेच मागून आले, न सांगता. लॉनी माईकसमोर उभा राहिला आणि त्यानं सगळे शब्द म्हटले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नुसत्या ओठांनी. जिथे गायकाचा आवाज यायचा तिथे मिस अर्लीन जागा सोडत गेली. त्या जागांमध्ये त्याचा श्वास तेवढा माईकवर येत होता. सुट्टीची दहा मिनिटं केव्हाच संपली होती. शिंगवाले दारातच उभे होते, आपल्या खुर्चीवर येऊन बसायचं कुणालाच सुचलं नाही.

शेवटचा सूर विझेपर्यंत तिनं बोटं उचलली नाहीत.

"या पट्टीत लिहिलं असतं मी," ती म्हणाली. "चौदाही जणांचं."