दोन जावा आणि परदेशाची तयारी

चिमणी माझी चुलत बहीण. घरचं नाव चिमणी असलं तरी ती परदेशातल्या एका बंदरावर क्रेन चालवते आणि भरलेले कंटेनर उचलून जहाजावर ठेवते. ते करताना तिला कधी खरचटलंही नाही. तिथल्या आपल्या घराचा जिना उतरताना मात्र तिचा पाय मोडला. तिकडे ती एकटी, म्हणून मदतीला घरचं माणूस हवं होतं. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "दोघी मिळून या. एकटी कोणी आली तर दार उघडणार नाही."

दोघी म्हणजे माझी आई आणि माझी काकू, म्हणजे चिमणीची आई. सख्ख्या जावा. घर एकच, आई वर राहते, काकू खाली, आणि कित्येक वर्षं दोघींचं बोलणं बंद. कारण शिवणाचं मशीन. वाटणीच्या वेळी मशीन काकूकडे गेलं आणि त्याचं पायाने चालवायचं स्टँड आईकडे. दोघींनीही आपापला वाटा सोडला नाही, त्यामुळे तेव्हापासून आमच्या घरात कोणी साधी टीपही मशीनवर मारलेली नाही. काही सांगायचं झालंच तर समोरासमोर बसून माझ्यामार्फत सांगायचं. काकू म्हणणार, "तुझ्या आईला सांग, मोटर चालू राहिलीय." आई ऐकत असते. तरी मी सांगायचं. मग आई उठायची.

चिमणी विमानतळावर घ्यायला येऊ शकत नव्हती. म्हणजे विमानातून उतरून, अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं देऊन, भुयारी रेल्वेने या दोघींना स्वतःच तिच्या घरापर्यंत पोचायचं होतं. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. गिअरच्या दांड्याला स्टिअरिंग समजणाऱ्या माणसांना मी गाडी शिकवली आहे. मी म्हटलं, तयारी मी करून घेतो.

बॅगा भंगारवाल्याच्या काट्यावर तोलून घेतल्या. तिकडच्या भिंतीतले सॉकेट वेगळे, म्हणून अडॅप्टर आणला. एकच आणला, तर दोघींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उठून दुसरा आणला. तिकडे गाड्या उलट्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडण्याचा सराव घेतला. हा सराव आमच्याच गल्लीत घेणं ही माझी चूक झाली. काकू चुकीच्या बाजूला नीट बघून बरोबर सायकलवाल्याच्या पुढ्यात गेली. सायकलवाला जे बोलला ते मी आईला सांगितलं नाही.

सगळ्यात अवघड गेला तो अधिकारी. जेवणाच्या टेबलापलीकडे मी अधिकारी होऊन बसलो.

"कशासाठी आलात?"

"मुलीचा पाय मोडलाय," आई म्हणाली.

"मुलगी कोणाची?"

"माझी."

काकू माझ्याकडे वळली. "साहेबांना म्हणावं, मुलगी माझी आहे."

"आई, तू पुतणी म्हण."

"का म्हणू? ही दवाखान्यात रात्रपाळीला जायची तेव्हा चिमणी कोणाच्या कुशीत झोपायची?"

काकू नर्स होती. तिने अडॅप्टर उचलून पिशवीत ठेवला आणि खाली गेली.

शेवटी मी दोघींच्या फोनमध्ये एकमेकींचे नंबर घातले, कारण ते नव्हतेच. आईने काकूचं नाव खोडून नुसतं 'ती' केलं. आणि एक नियम मी दोघींकडून घोकून घेतला, "चुकामूक झाली तर आहे तिथेच थांबायचं. हलायचं नाही."

दोघी गेल्या. अधिकाऱ्याने काहीच विचारलं नाही, शिक्का मारला. एवढी उजळणी वाया गेली म्हणून आईला पुढे बरेच दिवस त्याचा राग होता.

दोघी तिकडे विमानतळावरून निघाल्या, त्या वेळी मी इकडे एका दातांच्या डॉक्टरांना गाडी शिकवत होतो. ते भर चौकात गिअर शोधत असताना माझा फोन वाजला. काकू.

"तुझी आई गेली."

"गेली म्हणजे?"

"गाडीत बसून गेली. मी उतरणाऱ्यांना वाट देत होते, तेवढ्यात दार मिटलं. मी फलाटावर आहे. हलले नाहीये."

तेवढ्यात माझ्या खिशातला स्कूलचा दुसरा फोन वाजला. आई.

"काकूला सांग, मी पुढच्या स्टेशनवर उतरलेय. हलणार नाही म्हणावं."

नियम दोघींनीही तंतोतंत पाळला होता. एकीने एका स्टेशनवर, दुसरीने पुढच्या. नियम करताना रेल्वेला दारं असतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी डॉक्टरांना गाडी कडेला घ्यायला सांगितली. ती त्यांनी फुटपाथवर घेतली. दोन्ही कानांना दोन फोन लावून मी निरोप देऊ लागलो. "काकू म्हणते, तुझ्या गोळ्या तिच्या बॅगेत आहेत." "आई म्हणते, माहीत आहे." मागून हॉर्न वाजत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "अहो, त्यांना थेट बोलू द्या ना." मी दोन्ही फोनचे स्पीकर चालू केले आणि समोर एकमेकांना टेकवून ठेवले.

दोन्हीकडून स्टेशनांचा गोंगाट आला, मग काकूचा आवाज.

"जाऊबाई?"

"हं."

"बसायला जागा आहे का तिथे?"

"बाकडं आहे. तुला?"

"मी उभी आहे."

"उभी राहू नकोस. प्रवासात तुझे पाय सुजलेत, मी बघितलंय."

मग काकू हळूच म्हणाली, "हे गेले त्या दिवशी तुम्ही खाली येऊन बसलात. पण एका शब्दाने बोलला नाहीत."

काका वारले तेव्हा आई तिच्याजवळून हलली नव्हती, हे मी पाहिलं होतं. बाकी मला काही माहीत नव्हतं.

"तोंड उघडलं असतं तर मीच रडले असते," आई म्हणाली. "मग तुला कोणी सांभाळलं असतं?"

डॉक्टर काचेतून बाहेर बघायला लागले. मी वायपर चालू केला. पाऊस नव्हता.

"मी येते पुढच्या गाडीने," काकू म्हणाली.

"अगं, तो म्हणालाय हलायचं नाही."

"त्याला काय कळतंय? तो कधी गेलाय का परदेशात?"

तयारीच्या सगळ्या दिवसांत हा मुद्दा कोणी काढला नव्हता. आईने थोडा विचार केला असावा. "ते खरंच," ती म्हणाली. "ये तू. दाराशी उभी राहा, मी हात करते."

काकूने फोन बंद केला. आईने केला नाही. बराच वेळ नुसता गाड्यांचा आवाज येत राहिला, मग आईचं ओरडणं, "इकडे! अगं, इकडे!" आणि मग फोन पिशवीत गेला. डॉक्टरांनी त्या दिवशी पुढचा धडा घेतला नाही. त्यांना आपल्या बहिणीला फोन करायचा होता.

चिमणीने दार उघडलं तेव्हा दोघी हातात हात धरून उभ्या होत्या, असं ती सांगते. आई म्हणते, जिना अंधारा होता म्हणून. पुढे प्लास्टर निघालं, तरी दोघींनी परतीची तारीख पुढे ढकलली. चिमणीचे फोन यायचे, आधी हसत, मग कुरकुरत. या दिवसभर बोलतात, मला माझ्याच घरात टीव्ही ऐकू येत नाही.

परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला वर गेलो. आईच्या दाराला कुलूप. खाली येऊन काकूचं दार वाजवलं. काकूने ते अर्धवट उघडलं.

"काय रे?"

"आई आहे का?"

"आहे. बोलतोय आम्ही. नंतर ये."