फक्त एकदा वाकून बघायचं होतं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि सध्या मी भयंकर चिडलेलो आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या कपाटातल्या वजनकाट्याकडे जा. त्याचं आयुष्य सुखात गेलं.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यातला. माझं सगळं उलटं, दिवा वर आणि भिंगं खाली. बशीच्या तळाला चिकटलेल्या जिवंत पेशी खालूनच बघाव्या लागतात, म्हणून मला असं घडवलं. नागपूरच्या एका कॉलेजात आलो तेव्हा काय माझा थाट होता! दसऱ्याला माझी पूजा व्हायची. प्राचार्य स्वतः हळदकुंकू वाहायचे, तेही नेमकं डोळा लावायच्या भिंगावर. मग आठ दिवस पोरांना प्रत्येक पेशी पिवळी दिसायची. पुढे नवी यंत्रं आली. माझं कव्हर फाटलं, दिवा लुकलुकू लागला, भिंगाला बुरशी धरली. कुणी विचारलं नाही. त्याचा मला राग नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे.

आमच्या प्रयोगशाळेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वाढवतात. अंगाएवढ्या उबेत ठेवतात, गुलाबी पोषक पाणी पाजतात आणि मग त्यांच्यावर झाडपाल्याचे अर्क टाकून बघतात. जिवंत पेशी तळाला पसरून चिकटलेल्या असतात. मेल्या की साबुदाण्यासारख्या गोल होऊन तरंगतात. काम चांगलं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. एखाद्या पाल्यात खरंच काही निघेलही. पण अर्क पाण्यात विरघळत नाही, तो एका जहाल द्रावकात कालवावा लागतो. म्हणून एका रांगेत अर्क टाकला, तर शेजारच्या रांगेत तेवढंच नुसतं द्रावक टाकायचं. नाहीतर पेशी कशानं मेल्या ते कळणार कसं?

पोहनकर सर इथले प्रमुख. द्रावकाची बाटली तळाला गेली होती आणि सरांना घाई होती. उरलेलं सगळं अर्कात वापरा, शेजारच्या रांगेत पाणी घाला, काय फरक पडतो, असं त्यांनी सांगितलं. त्यांची संशोधक विद्यार्थिनी प्रणाली, तिनं मान खाली घालून तसंच केलं. अर्काच्या रांगेतल्या पेशी पटापटा मेल्या, पाण्याच्या रांगेतल्या मजेत राहिल्या. सर हरखले. तिसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो, हातात डहाळी, आणि वर मथळा, ‘कर्करोगावर नागपूरचा रामबाण’. झाडाचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर उद्या कुणीतरी ते मुळासकट उपटून नेईल.

आमच्याकडे झाडूपोछा करणाऱ्या यमुताईंनी तो पेपर घरी नेला. त्यांचा धाकटा भाऊ गिरिधर काटोलला संत्र्याच्या पेट्या भरतो. त्याला हाच आजार, आणि नागपूरच्या दवाखान्यात त्याची किमो चालू होती. यमुताईंनी सरांना विचारलं, भावासाठी पाला नेऊ का? सर म्हणाले, न्या की. एवढंच. दवाखाना सोडू नका म्हणून सांगायला त्यांना वेळ नव्हता, त्यांना सत्काराला जायचं होतं.

नवी बाटली दोन महिन्यांनी आली. पाणी घातल्याचं प्रणालीच्या मनाला खातच होतं. तिनं कुणाला न विचारता प्रयोग पुन्हा लावला, एका रांगेत अर्क आणि दुसरीत नुसतं द्रावक. दोन दिवसांनी तिनं माझा दिवा ठोकून चालू केला आणि वाकून पाहिलं. दोन्ही रांगांत साबुदाणाच साबुदाणा. पाल्याची करामत म्हणून जी मिरवली, ती द्रावकाची होती.

तिनं सरांना बोलावलं. सर दारापर्यंत आले. तिथून माझ्यापर्यंत चार पावलं. पेपरात आलंय, आता उकरून काय मिळणार, असं म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले. चार पावलं! मला पाय असते तर मीच गेलो असतो, आणि चांगला त्यांच्या पायावर आदळलो असतो.

यमुताई तिथेच फरशी पुसत होत्या. त्यांनी कौतुकानं सांगितलं की गिरिधरनं दवाखाना सोडला, दोन्ही वेळ काढाच घेतो, उलट्याही थांबल्या. किमो थांबली म्हणून उलट्या थांबल्या होत्या. प्रणालीनं यमुताईंना हाताला धरून स्टुलावर बसवलं.

“यमुताई, या रांगेत पाला आहे. या रांगेत पाल्याचं पानसुद्धा नाही. तरी दोन्हीकडे पेशी सारख्याच मेल्या. पाल्यानं काही केलं नाही, चूक माझी झाली.”

अकरा वर्षं त्या मला पुसत होत्या, पण बघा म्हणून कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.

“मंग माह्या भावाले मी दोन महिने काय पाजून राहिली वं?”

बादली तशीच टाकून दोघी काटोलच्या बसमध्ये बसल्या. गिरिधर आधी ऐकेना, पेपरात खोटं काहून छापतील म्हणाला. तो प्रयोग मी माझ्या हातानं केला आणि चुकीचा केला, असं प्रणालीनं त्याच्या बायकोपोरांसमोर कबूल केलं, तेव्हा कुठे तो दवाखान्यात जायला उठला. डॉक्टर म्हणाले, आजार यकृतापर्यंत पसरला आहे. किमो पुन्हा सुरू झाली. बरा होईल असा शब्द आता कुणीच देत नाही. यमुताई हे सांगत होत्या आणि मला पुसत होत्या, एकच जागा पुन्हापुन्हा.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. बसू द्या धूळ. पण माझ्यात बघून जगाला काही सांगणार असाल, तर आधी शेजारची रांग नीट लावा. आणि चूक निघाली तर ज्याच्या घरी तुमचा शब्द पोचलाय, त्याच्या घरी जाऊन ती सांगा. प्रणाली बसनं गेली. सरांकडे तर गाडी आहे.