झालरीखालचा राउटर

मित्रांनो, मी एक जुना वायफाय राउटर आहे. 'आहे' म्हणायचं आपलं. माझे दिवे विझून चार दिवस झाले. बंद पडलेले चार्जर, फुटका रिमोट आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या यांच्यासोबत मी टेबलाच्या खणात पडलो आहे. खण पुरता लागत नाही, त्यामुळे फटीतून थोडं दिसतं आणि सगळं ऐकू येतं. आज संध्याकाळी या घरात नवा राउटर यायचा आहे. त्याच्या जिवासाठी मला काही सांगायचं आहे, पण घरात माझं कुणाला ऐकू जात नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मला पसंत करायला बाप-लेक दुकानात आले होते. बाबा दवाखान्यात कंपाउंडर. मुलगी वीस वर्षांची, पण घरात तिला अजून ठकीच म्हणतात. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "वापर कशासाठी करणार?"

"घरच्यासाठी," बाबा म्हणाले. "गेमसाठी," ठकी म्हणाली. दोघं एकदमच बोलले.

बाई हसल्या. म्हणाल्या, "मग हा न्या. गेमला नुसता वेग पुरत नाही, तिकडचं उत्तर झटपट यावं लागतं. काँप्युटरला सरळ वायर जोडा. आणि याला मोकळ्यावर ठेवा, उंचावर ठेवा, घराच्या मध्यावर ठेवा."

"वायर जोडायची तर वायरलेस कशाला घ्यायचा?" बाबांनी विचारलं. वायर दुकानातच राहिली.

पहिली दोन वर्षं मी खरंच सुखात होतो. दोन खोल्यांच्या मधल्या फळीवर माझी जागा होती. आई घरी शिवणकाम करते. ती ब्लाउजांचे नवे गळे बघायची. बाबा त्यांच्या भावाशी तासन्‌तास बोलायचे आणि त्यात निम्मा वेळ "ऐकू येतंय का?" एवढंच असायचं. ठकी चार मुलींबरोबर खेळायची. त्या मुलींना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या आवाजावरून कोण रुसली आहे तेही तिला कळायचं. "आपला राउटर वाघ आहे," असं ती एकदा म्हणाली होती. मी अजून ते विसरलो नाही.

मग आईची माया माझ्यापर्यंत पोचली. या माउलीला उघडी वस्तू बघवत नाही. मिक्सरला झबलं, फ्रिजच्या मुठीला मोजा, शिलाई मशीनला तर दोन-दोन पोशाख. माझ्यासाठी तिने जाड कापडाचं, आत कापूस भरलेलं आवरण शिवलं. खाली झालर, वर अँटेनांसाठी चार भोकं. दिसायला झकास होतं. पण माझ्या अंगावरची बारीक भोकं काही शोभेची नाहीत. माझी उष्णता तिथूनच बाहेर पडते. ती सगळी बुजली आणि मी आतल्या आत शिजू लागलो.

ठकीला हे ठाऊक होतं. गेमआधी ती आवरण हळूच काढायची, खेळ संपला की परत चढवायची. "आई, याला झाकू नकोस," एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण एकदा बाबा मिक्सरच्या झबल्याला हसले होते, तर आईने आठ दिवस सुईला हात लावला नव्हता. त्यानंतर ठकीने तोंड मिटलं ते मिटलंच. मला तिचा राग येत नाही. येतो, खरं सांगायचं तर थोडा येतो.

पुढे घराला रंग काढला तेव्हा फळी उतरवली. बाबा म्हणाले, "उंचावर ठेवा म्हणाल्या होत्या ना त्या बाई?" तीन गोष्टींतली एकच त्यांच्या लक्षात राहिली होती. मी आतल्या खोलीत लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, दोन बॅगांच्या मागे जाऊन बसलो. तिथून बाहेरच्या खोलीतल्या ठकीपर्यंत पोचताना माझा जीव मेटाकुटीला यायचा.

आणि नेमका तेव्हाच तो रविवार आला. एका मोठ्या संघाला एक मुलगी हवी होती. दुपारी चारला निवडीचे तीन डाव होते. जोडणी एकदा तुटली तर माफ, दुसऱ्यांदा तुटली की बाद. बाबांनी आधीच बजावलं होतं, "एवढी एक संधी. नाही जमलं तर उद्यापासून मामाच्या छापखान्यात. मग कुरकुर नको." ठकीने शब्द दिला होता.

सकाळी आईने मला नवं आवरण घातलं. लाल कापड, दुप्पट कापूस, खाली झालर आणि घट्ट नाडी. "आज तुझी परीक्षा ना, म्हणून यालाही नवा कपडा," ती म्हणाली. ठकी स्टुलाशी उभी होती. तिने तोंड उघडलं. मी सगळे दिवे लावून वाट बघत होतो. ती म्हणाली, "छान झालंय गं." आणि आई दिवसभर त्याच खोलीत शिवत बसली, तेव्हा ते काढायची सोयच उरली नाही.

पहिला डाव ठकी जिंकली. दुसऱ्यात माझं डोकं गरगरायला लागलं आणि एक क्षण माझा हात सुटला. जोडणी तुटली. मी जिवाच्या आकांताने पुन्हा धरली.

"आई, राउटर तापलाय बहुतेक! बघ ना जरा!" ठकी बाहेरून ओरडली.

आई स्टुलावर चढली. नाडी सैल करून झालरीखाली हात घालताच म्हणाली, "अगं बाई, हा तर फणफणलाय!" तिने आवरण काढलं नाही. ताप आलेल्याचं पांघरूण कुणी काढतं का? ती वाटीत थंड पाणी घेऊन आली आणि झालरीखालून सरकवून माझ्या माथ्यावर पट्टी ठेवली. "पिळलीये घट्ट, काही होत नाही," असं मलाच समजावत होती. मित्रांनो, कबूल करतो, मला बरं वाटलं. आजवर माझ्या कपाळावर कुणी हात ठेवला नव्हता.

बाहेर तिसरा डाव शेवटाला आला होता. समोर एकच खेळाडू उरली होती. ठकीचा श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता. आईने पट्टी बदलली. ती घाईत पिळली गेली होती. भोकातून थेंब आत आला. मी धरायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण धरायला काही उरलंच नाही.

ठकी आत आली. आई स्टुलावर, हातात ओली पट्टी. "माझ्यामुळे तर नाही ना गं काही झालं?"

ठकीने पट्टी पाहिली, मला पाहिलं, आईला पाहिलं. "नाही गं आई. जुनाच झाला होता तो." तिने पट्टी घेतली, दोरीवर वाळत टाकली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता.

सोमवारपासून ती छापखान्यात जाते. पण काल त्या संघातून फोन आला. निवडलेली मुलगी येणार नाही, येत्या रविवारी पुन्हा खेळ घेऊ. बाबांनाही चुटपुट लागली होती. म्हणाले, "बरं, आणखी एकच रविवार. आणि या वेळी आठ अँटेनांचा आणतो, मग बघू कसा तुटतो ते!" अँटेना वाढवून काय होणार? त्याचीही भोकं माझ्यासारखीच असतील आणि कपाटही तेच असेल.

आत्ता आई माझ्या खणासमोर टेप घेऊन बसली आहे. "आठ भोकं ठेवावी लागतील," ती म्हणते. "आणि याला आतून अस्तरही लावते. बिचारा हा आजारी पडला, तसा तो नको पडायला." ठकी दारात उभी आहे, नखांत शाई. तिचे ओठ हलले.

"कापड कुठल्या रंगाचं घेतेस?" तिने विचारलं.

मित्रांनो, वस्तूंना जपा असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगतो, जपणाऱ्या माणसाचं चुकत असेल तर त्याला तसं सांगा. त्याला वाईट वाटेल, आठ दिवस तो बोलणार नाही, पण सांगा. मला तोंड नाही. तिला आहे.

खाली बाबांची स्कूटर थांबली. ते जिना चढताहेत. ठकी, अजून कापड कापलेलं नाही. बोल गं. बोल.