ओट्यावर काढून ठेवलेलं

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बिजवराशी तिचं लग्न झालं आणि तिला संसार आयताच मिळाला: मांडणीत ओळीनं लावलेली भांडी, ओट्याच्या कोपऱ्यात मायक्रोवेव्ह, आणि आतल्या खोलीत डोळे गेलेल्या सासूबाई. सगळं पहिल्या बायकोनं मांडलेलं. ती गेल्यापासून तिचा विषय घरात कुणी काढत नसे, पण भांड्यांच्या जागाही कुणी बदलत नसे.

नव्या सुनेला औषधांच्या दुकानात कामाला जायची घाई. एका सकाळी तिनं सासूबाईंचं सूप आइस्क्रीमच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात ओतलं, तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि केस विंचरायला गेली. येऊन बघते तर डबा ओट्यावर रिकामा, आणि सूप काचेच्या वाडग्यात, आत. बटण दाबायचं तेवढं बाकी.

"सूप तुम्ही ओतलंत?"

"मी दाढी करतोय," नवरा बाथरूममधून म्हणाला.

तिनं मनावर घेतलं नाही. पण पुढे सोनेरी काठाचा कप तसाच बाहेर आला, मग मेलामाइनची ताटली आली. तेव्हा तिनं सासूबाईंना विचारून पाहिलं.

"तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत जा गं," त्या म्हणाल्या. "नुसती भांडी वाजतात. अबोला धरल्यासारखं वाटतं."

"दोघी कोण, आई?"

"मला कुठं दिसतंय? पावलं तेवढी ऐकू येतात."

त्या रविवारी दुपारी नवरा बाहेर गेला आणि ती हट्टाला पेटली. स्वयंपाकघर कुणाचं, ते एकदा ठरूच दे. तिनं उरलेलं सूप काचेच्या बरणीत भरलं, फिरकीचं झाकण होता नव्हता तो जोर लावून आवळलं आणि बरणी आत ठेवली. या वेळी ती जागची हलली नाही. बटण दाबलं. बरणी आपली गोल फिरत राहिली. कुणी काही काढलं नाही. तिला हसू आलं.

मशीन थांबलं. तिनं वाकून दाराला हात घातला, आणि तिचं मनगट कुणीतरी धरलं. बोटं गार होती, ओली, नुकती भांडी घासून आल्यासारखी. पकड घट्ट नव्हती, पण सुटतही नव्हती.

आत बार उडाला. काचा दारावर आपटल्या, फटीतून उकळतं सूप गळू लागलं. दार उघडलं असतं, तर ते सगळं तिच्या तोंडावर आलं असतं. मग मनगट मोकळं झालं.

ती फरशीवरच बसली.

"काय फुटलं गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"बरणी. मीच झाकण घट्ट लावलं होतं."

"लागलं नाही ना कुणाला?"

तिनं ओल्या मनगटाकडे पाहिलं. "नाही, आई. दोघींनाही नाही."

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "वाफेनं तिचा हात भाजला होता एकदा," तो म्हणाला. "तेव्हापासून मायक्रोवेव्हमध्ये कुठलं भांडं जातंय, याकडे तिचं फार लक्ष असायचं. प्लास्टिक, सोनेरी काठ, घट्ट झाकण, काही आत जाऊ द्यायची नाही. तुला सांगायला हवं होतं मी."

दुसऱ्या सकाळी तिनं सूप वाडग्यात ओतलं, वर झाकण नुसतं टेकवलं. मग ओट्यापाशी थोडी बाजूला सरकून उभी राहिली, आणखी एक बाई मावेल इतकी.